नानांच्या गाडीतला पिवळा दिवा

गाडीत वेगाच्या काट्याशेजारी इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. तो लागला तरी गाडी चालते, फक्त चालवणाऱ्याला चैन पडत नाही. आमच्या गाडीत तो जानेवारीत लागला आणि खरं सांगतो, मला मनातून आनंद झाला. माझ्या बायकोने तो लगेच ओळखलाही. म्हणाली, तुम्हाला दिवा लागल्याचं दुःख झालंय की सुख, ते एकदा ठरवा.

गाडी माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची. नानांची पंचाहत्तरी होऊन गेली. दीपनगरच्या वीज केंद्रात त्यांनी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर ते जळगावला आले. पांढरी, पेट्रोलवरची, बारा वर्षांची छोटी गाडी. आई गेल्यापासून ते दर सोमवारी सकाळी ती काढायचे आणि भुसावळवरून बोदवडला जायचे. तिथे त्यांची मोठी बहीण, आमची अक्का आत्या, असते. दोघं चहा पितात, पाऊण तास भांडतात, जेवतात, आणि नाना उन्हं उतरायच्या आत परत. भांडणाचे विषय पन्नास वर्षांपूर्वी संपलेले आहेत, पण दोघंही हार मानत नाहीत. तो सोमवार म्हणजे नानांचा आठवडा होता. बाकीचे सहा दिवस ते सोमवारची वाट बघण्यात घालवत.

मी धुळ्याला एका शाळेत इतिहास शिकवतो. आठवडाभर तिथे, शनिवार-रविवार जळगावला. पुण्याच्या ताईचं आणि माझं वर्षभर फोनवर एकच चालायचं, की नानांचं आता वय झालं, गाडी काढून टाकली पाहिजे. ताई म्हणायची तू सांग, मी म्हणायचो तू मोठी, तू सांग. सांगायची हिंमत दोघांत मिळून एकाचीही नव्हती. आणि अशात हा दिवा लागला, तोही सोमवारी, बोदवडच्या रस्त्यावर, नाना चालवत असताना. मला आयतं निमित्त मिळालं.

गाडी आधी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेली. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, पडद्यावर अक्षरं आली, आणि तो म्हणाला, मागचा ऑक्सिजन सेन्सर गेला. सायलेन्सरच्या नळीत बसवलेला हा बोटाएवढा सेन्सर धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजतो. मी त्याला विचारलं, कशाने गेला? तो हात पुसत म्हणाला, काका फार हळू चालवतात, कार्बन धरतो. हे वाक्य मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि घरी येऊन चार वेळा ऐकवलं. नानांनी फक्त मेकॅनिककडून काढलेला जुना सेन्सर परत मागवला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. मला वाटलं, झालं, आता जुन्या वस्तू जपायचंही सुरू झालं.

नवा सेन्सर बसला, दिवा विझला आणि चार दिवसांनी पुन्हा लागला. मग मी गाडी धुळ्याला घेऊन गेलो. तिथे काचेच्या दारांचं, एसीचं एक गॅरेज आहे, तिथल्या माणसाच्या हाताला ग्रीसच नसतं. त्यानेही स्कॅनर लावला, तीच अक्षरं आली, त्यानेही तोच सेन्सर बदलला. आधीचा डुप्लिकेट असेल म्हणाला. दिवा विझला. पाचव्या दिवशी लागला.

मी जाहीर केलं, गाडी म्हातारी झाली. नानांना कळत होतं मी कोणाला म्हातारं म्हणतोय ते. शाळेतल्या एका सरांच्या ओळखीने चोपड्याचा एक केळीवाला शेतकरी गिऱ्हाईक म्हणून मिळाला, रविवारी संध्याकाळी गाडी बघायला येतो म्हणाला. ताईने फोनवर सुस्कारा सोडला. मीही सोडला. दोघांनाही वाटलं, कोणी काही न बोलताच काम झालं.

शनिवारी रात्री जेवताना मी नानांना हे सांगितलं, ताटाकडे बघत. आमचं मूळ गाव अमळनेरकडचं. नाना एरवी कॉलनीतल्या लोकांसारखं नीट मराठी बोलतात, पण पारा चढला की सरळ अहिराणीत शिरतात. घास खाली ठेवून ते म्हणाले, "गाडी बठ्ठी ठीक शे. तुमनं डोकं तपासा."

मग शांत होऊन त्यांनी मला विचारलं, स्कॅनरवर नेमकं काय लिहून आलं होतं? मी म्हटलं, ऑक्सिजन सेन्सर. ते म्हणाले, पूर्ण वाच. मी मोबाइलवरचा फोटो काढला. लिहिलं होतं, सेन्सरचा हीटर, सर्किटमध्ये दोष.

"सर्किट म्हणतोय तो," नाना म्हणाले, "आणि तुम्ही दोनदा सेन्सर बदललात."

त्यानंतर अर्धा तास मला शिकवणी मिळाली. मी रोज चाळीस पोरांना शिकवतो, पण इतका गप्प माझ्यासमोर कोणी बसत नाही. बॉयलरच्या धुराड्यातही असाच ऑक्सिजन मोजणारा प्रोब असतो, फक्त हातभर लांबीचा. तो गरम झाल्याशिवाय काही सांगत नाही, म्हणून त्याला हीटर असतो, आणि गाडीतल्या या छोट्याच्या पोटातही तसाच छोटा हीटर असतो. नानांनी असल्या प्रोबांची आयुष्यभर सेवा केली होती. त्यांचा शिरस्ता एकच, प्रोबला हात लावायच्या आधी वायर तपासायची. हे ते गेले दोन महिने का बोलले नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, मला कोणी विचारलंच नाही. हे खरं होतं, त्यामुळे मी भात वाढून घेतला.

शेवटी सौदा ठरला. रविवारी दिवसभर गाडी त्यांच्या ताब्यात. दोष सापडला तर मी आणि ताई गाडीचं नाव परत काढायचं नाही. नाही सापडला तर संध्याकाळी चोपडेकर गाडी घेऊन जातील आणि नाना एक शब्द बोलणार नाहीत. बायको साक्षीदार. तिने एवढंच विचारलं, की गाडीखाली कोण जाणार? नानांनी माझ्याकडे बघितलं.

शेजारी एका मारवाडी शेठजींचं धान्याचं गोदाम आहे, त्याच्या दाराशी ट्रकसाठी सिमेंटचा चढ केलेला आहे. सकाळी आठला आम्ही गाडीची पुढची चाकं त्या चढावर घेतली, मागच्या चाकांना दगड लावले. जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली माणसाने जायचं नसतं, हे नानांनी मला तीनदा सांगितलं, जणू मी हट्टच धरला होता. मग मी जुना पायजमा घालून, पोत्यावर पाठ टेकून आत सरकलो. शेठजी खुर्ची टाकून बसले. रविवारी मास्तर गाडीखाली, असं दृश्य त्यांना रोज थोडंच मिळतं. त्यांनी चहा मागवला, स्वतःसाठी आणि नानांसाठी.

नाना बॉनेटपाशी स्टुलावर बसले. त्यांच्या मांडीवर मीटर होता, दीपनगरच्या दिवसांतला, पिवळा, कडा झिजलेला. पण त्यांनी तो मला खाली दिला आणि म्हणाले, आकडे तू वाच. मोबाइलवर त्यांनी कुठूनसं वायरिंगचं चित्र मागवलं होतं, तेही मलाच वाचायला लावलं. म्हणाले, तुझा आवाज चांगला आहे, वर्गात कामाला येतो तसा इथेही येईल. मी समजलो टोमणा आहे. टोमणे मारण्याचा त्यांना तेव्हा हक्कही होता.

पहिली परीक्षा सेन्सरची. त्याला चार वायरी असतात, दोन खबर नेणाऱ्या, दोन हीटरच्या. मी प्लग सोडवला आणि हीटरच्या दोन पांढऱ्या वायरींना मीटर लावला. साडेसात ओहम, मी ओरडलो. म्हणजे हीटर जिवंत, वरून उत्तर आलं. मग त्यांनी खिशातून ती प्लास्टिकची पिशवी काढली. जानेवारीत काढलेला मूळ सेन्सर. त्यालाही मीटर लावायला सांगितला. सात आणि थोडं. तोही जिवंत. म्हणजे जिवंत सेन्सर काढून आम्ही जिवंत सेन्सर बसवला होता, तोही दोनदा. शेठजी खुर्चीतून म्हणाले, अरेरे. मला तिथून दिसत नव्हते, पण ते हसत होते हे नक्की.

दुसरी परीक्षा गाडीकडून येणाऱ्या विजेची. नानांनी किल्ली फिरवली, मी गाडीच्या बाजूच्या प्लगला मीटर लावला, बारा व्होल्ट आणि वर काही. वीज येत होती. राहिली ती एकच वायर, सेन्सरपासून गाडीच्या मेंदूपर्यंत जाणारी. मेंदू म्हणजे बॅटरीशेजारची एक चपटी डबी. तीच डबी त्या वायरीतून हीटर चालू-बंद करते. नानांनी किल्ली बंद करून बॅटरीची वायर सोडायला लावली आणि मीटर आवाजावर टाकायला सांगितला. वायर सलग असली की तो टीं करतो. लांब वायर जोडून एक टोक त्यांनी मला वर बोलावून, चित्रात बघून डबीच्या प्लगला लावायला सांगितलं, दुसरं मी खाली धरलं.

काहीच वाजलं नाही.

"आता वायर हलव," नाना म्हणाले. "एकेक वीत. घाई करू नको."

मी हलवत गेलो. मधेच टीं झालं, आणि बंद. पुन्हा थोडं दाबलं, टीं टीं, बंद. नानांचा आवाज एकदम तरुण झाला. हीच, ते म्हणाले. आतून तुटली आहे, मधूनच टेकते. प्रत्येक मेकॅनिकने सेन्सर बदलताना ही हलवली, चार दिवस टेकली, मग सुटली. दोन गॅरेजांना न कळलेली गोष्ट माझ्या वडिलांना स्टुलावर बसून कळली. अभिमान वाटला, नाही कशाला म्हणू? आणि पाठोपाठ लक्षात आलं, सौदा मी हरत होतो.

वायर कुठे तुटली ते बघायला मी टॉर्च घेऊन आणखी आत सरकलो. सायलेन्सरच्या नळीवर उष्णता अडवणारा एक पत्रा असतो. वायर तिच्या चापातून निसटून त्या नळीला जाऊन चिकटली होती. वरचं आवरण वितळलेलं, आतलं तांबं काळं. आणि पत्र्याच्या मागे काहीतरी अडकलं होतं. मी ओढून काढलं. वीतभर वाळकी काडी, टोकाला कपाशीचं रिकामं बोंड.

मी गाडीखाली तसाच पडून राहिलो. वरून नाना विचारत होते, काय सापडलं.

डिसेंबरच्या शेवटी शाळेतल्या एका सरांच्या शेतावर आमची भरीत पार्टी झाली होती. आमच्याकडे थंडी पडली की भरताची वांगी शेतातच भाजायची, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाटीवर. गॅसवर भाजलेल्याला आम्ही भरीत म्हणत नाही. गाडी मी चालवत होतो. नाना शेजारी होते, मागे बायको आणि मांडीवर पुऱ्यांचा डबा. बांधापाशी नाना म्हणाले, गाडी इथेच लाव, पुढे कपाशी नुकतीच कापली आहे, धसकटं उभी आहेत. मी म्हटलं, डबे घेऊन कोण चालणार? आणि घातली गाडी शेतात. खालून खर्रर्र आवाज आला होता. मी रेडिओ मोठा केला होता.

म्हणजे वायर मी तोडली होती. ती हळूहळू नळीवर भाजत गेली आणि दिवा लागला तेव्हा चाकावर नाना होते. काका हळू चालवतात, कार्बन धरतो, हे मी चार वेळा ऐकवलं होतं.

मी बाहेर आलो आणि काडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बघितली नाही, बोटांनी चाचपली. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, पऱ्हाटी. मग म्हणाले, मला वाटलंच होतं. कधीपासून, असं मी विचारलं. त्या दिवशीच्या आवाजापासून, ते म्हणाले. मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, अंदाज होता, पुरावा नव्हता. त्यांच्यावर आळ घ्यायला मला एवढा पुरावा लागला नव्हता. मला लाज वाटली, मनापासून वाटली, आणि मी तसं त्यांना म्हटलंही. त्यांनी हातानेच राहू दे म्हटलं. मी तिथेच उभ्या उभ्या चोपड्याला फोन लावला आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. शेठजींनी आता माझ्यासाठीही चहा मागवला.

मग वायर जोडायची राहिली. जळालेला तुकडा कापायचा, मध्ये नवा घालायचा आणि डाग द्यायचा. घरातला रेडिओ, मिक्सर, टेबलफॅन, सगळ्यांना डाग नानांनीच दिलेत. लहानपणी मी सोल्डरिंगच्या जवळ गेलो तरी चापट बसायची. त्या दिवशी ते म्हणाले, तूच दे. मला वाटलं मान देताहेत. मी म्हटलं, नको, मी घाण करीन, तुम्हीच द्या. त्यांनी ओट्यावर ठेवलेल्या तापल्या सोल्डरगनकडे हात नेला आणि बोटं मुठीऐवजी लोखंडाच्या रोखाने गेली. मी मनगट धरलं म्हणून वाचले. नाना हसले, म्हणाले लक्ष नव्हतं. पण मी सकाळपासूनचं सगळं आठवत होतो. आकडे तू वाच. चित्र तू वाच. मीटर आवाजावर टाक. त्यांना वाचायला नको होतं असं नाही, त्यांना दिसतच नव्हतं.

डाग मीच दिला. चिमणीच्या विष्ठेएवढा झाला, पण पक्का होता, नानांनी ओढून बघितला. जोडावर प्लास्टिकची नळी चढवली, वायर सायलेन्सरपासून लांब चापात बसवली, बॅटरी परत जोडली; ती सोडल्यामुळे दोषाची जुनी नोंद आपोआप पुसली गेली होती. आता गाडी चालवून बघायची होती. नाना म्हणाले, बोदवडला जाऊ, अक्का रविवारी बघून चकित होईल. शर्ट बदलून ते किल्ली घेऊन आले. मी चालकाच्या दारापाशी उभा होतो. सौद्यात मी शब्द दिला होता, गाडीचं नाव काढणार नाही म्हणून. म्हणून गाडीचं नाव मी काढलं नाही.

मी विचारलं, "नाना, डोळ्यांना काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. राखी पौर्णिमेपासून धूसर दिसतं. उजव्याने जवळजवळ नाहीच. भुसावळच्या डॉक्टरकडे एका सोमवारी, जाता जाता, एकटेच जाऊन आले होते. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांना. ऑपरेशन केलं की नीट होईल म्हणाले. मग बोदवडला कसे जात होता, मी विचारलं. रस्ता पाठ आहे, ते म्हणाले, आणि मी हळू चालवतो. काय काय होऊ शकलं असतं ते डोळ्यांपुढून गेलं आणि मी त्यांच्यावर चिडलो, चांगलाच चिडलो. सहा महिने! आम्हाला एक शब्द नाही. अहो, ऑपरेशन होणार असेल तर सांगायला काय जात होतं?

"सांगितलं असतं तर तू गाडी काढून घेतली असतीस," ते म्हणाले. "ऑपरेशन झाल्यावर परत दिली असतीस का?"

नसती दिली. मी आणि ताई फोनवर म्हणालो असतो, आता कशाला, वय झालं, आणि दोघांनी सुस्कारा सोडला असता. हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

नाना गाडीला वळसा घालून, बॉनेटवर हात टेकत टेकत, दुसऱ्या दाराशी गेले. तिथून त्यांनी टपावरून हात लांब करून किल्ली माझ्याकडे केली. मी ती घेतली. त्यांनी लगेच हात मागे नेला नाही.

"ऑपरेशन व्हयनं का माघारी देशी ना रे?"

ज्यांनी माझ्याकडे जन्मात कसली परवानगी मागितली नव्हती, ते टपापलीकडून माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मी मान हलवली. ते अजून बघतच होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, एवढ्या अंतरावरून त्यांना माझी मान दिसली नव्हती.

"देईन, नाना," मी मोठ्याने म्हणालो.